नाचणारी घोडी बरी झाली

आमच्या गावात लग्न ठरलं की हॉलच्या आधी घोडी ठरायची. भिवंडीत वरातीच्या घोड्या तशा बऱ्याच होत्या, पण नाचणारी एकच होती. ती मिळाली तर वरात, नाहीतर नुसती गर्दी, असं आमच्या आत्याचं मत होतं. आणि आत्याने एकदा मत दिलं की घरात त्यावर कुणी पुढे बोलत नसे.

घोडी पांढरी होती, अंगाने बेताची. बेंजोवाल्यांनी गाणं धरलं की चालता चालता ती मागचा डावा पाय एकदम वर ओढून घ्यायची, इतका वर की खूर पोटाला लागेल असं वाटायचं. पाय क्षणभर तसाच हवेत राहायचा आणि मग धपकन खाली यायचा. पोरं शिट्ट्या मारायची, बायका नोटा ओवाळायच्या, आणि वरचा नवरा कुणाचाही असला तरी राजपुत्र दिसायचा. घोडीवाले चाचा लगाम धरून मान ताठ करून चालायचे. त्यांच्या वडिलांचा टांगा होता. रिक्षा आल्या, टांगे गेले, आणि चाचांनी घोडी वरातीला लावली. मेंदी लावलेली दाढी आणि डोळ्यांत सुरमा असा त्यांचा थाट घोडीपेक्षा कमी नव्हता.

वरातीत मी नाचत नसे. त्यामुळे नाचणाऱ्या सगळ्यांच्या पर्सा माझ्याकडे असायच्या. दोन्ही खांद्यांना पर्सा लटकवून कडेकडेने चालणारी मुलगी, ही आमच्या नातेवाइकांत माझी ओळख. शाळा इंग्रजी माध्यमाची झाली, तिथेही बाई विचारतील तेवढंच बोलायचं अशी सवय. पुढे मी जनावरांची डॉक्टर व्हायला मुंबईच्या कॉलेजात गेले, तेव्हा बाबांचे मित्र हसले होते. आमच्या शेतांवर एकेक करून गोदामं उभी राहिली होती आणि गावात ढोरं औषधालाही उरली नव्हती. "पोरगी ढोरांची डॉक्टर होनार, न ढोरं कुठं हायत?" असं कुणीतरी म्हणालं. बाबा म्हणाले, "असूदे. माणसांशी बोलायला तिला जमत न्हाय, ढोरांशी तरी बोलंल."

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी हिवाळ्याच्या सुट्टीत मी घरी आले होते. ताईच्या, म्हणजे माझ्या चुलत बहिणीच्या, लग्नाची व्हीसीडी शूटिंगवाल्याने नुकतीच आणून दिली होती. सगळ्यांनी ती दोनदा पाहिली होती. मला ती एकटीने बघायची होती, कारण शूटिंगवाल्याने मला जेवताना घेतलंय असं ताई म्हणाली होती आणि किती वाईट घेतलंय ते मला कळायला हवं होतं. दुपारी आई शेजारच्या खोलीत झोपली होती, म्हणून मी टीव्हीचा आवाज बंद केला.

जेवणाच्या आधी वरात लागली. पाहुण्यांनी एवढ्या कौतुकाने बघितलेली ती वरात आवाजाशिवाय भलतीच दिसत होती. माणसं तोंडं उघडून हात वर करत होती, आणि त्यांच्या मधून एक घोडी चालत होती. ती नाचत नव्हती. प्रत्येक पावलाला फक्त डावा मागचा पाय वर झटकला जात होता. बाकीचे तीन पाय आपापलं काम गुपचूप करत होते. बेंजोवाले सूर बदलायला थांबले, सगळ्यांचे हात खाली आले, तरी पाय वर जातच होता. मंडपाच्या वळणावर तो आणखी उंच गेला. फटाक्यांची माळ लागली तेव्हा तर तो इतका जोरात गेला की नवरदेवाने खोगीर दोन्ही हातांनी धरलं.

मी व्हीसीडी मागे नेऊन पुन्हा पाहिली. मग टीव्हीखालच्या कपाटातून आणखी एका जुन्या लग्नाची काढली. त्यातही तीच घोडी, तोच पाय, पण झटका अर्धाच. म्हणजे नाच वाढत चालला होता.

मी जेवताना कशी दिसते ते बघायचं त्या दिवशी राहूनच गेलं.

त्याच वर्षी आम्हाला हे शिकवलं होतं. आपण गरम तव्याला हात लावला की हात आधी मागे येतो आणि भाजल्याचं नंतर कळतं. त्या पहिल्या हालचालीचा निर्णय मेंदूकडे जातच नाही. पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत तो तिथल्या तिथे होतो. कुत्र्याच्या बरगडीजवळ खाजवलं की त्याचा मागचा पाय हवेत खाजवायला लागतो, आणि कुत्रा मात्र भलतीकडेच बघत असतो. ते मी आमच्या गोदामावरच्या कुत्र्यावर करून पाहिलं होतं. तोही बिचारा पायाकडे नवलाने बघायचा. चालण्याचंही तसंच आहे. पाय उचलायचा, पुढे टाकायचा, टेकवायचा, यातलं बरंच काम कण्यातच उरकतं. मेंदू वरून चल म्हणतो, वळ म्हणतो, आणि सर्वांत जास्त वेळा पुरे म्हणतो. खाली आपोआप होणाऱ्या कितीतरी हालचालींना तो सतत आवरून धरत असतो. आमच्या वर्गात बऱ्याच जणांना हे विचित्र वाटलं होतं. मला लगेच पटलं. मी तर दिवसभर तेच करत होते.

सुट्टी संपल्यावर दोन्ही व्हीसीडी मी कॉलेजात नेल्या. आम्हाला घोड्यांचं शिकवणाऱ्या मॅडमनी त्या त्यांच्या कॉम्प्युटरवर लावल्या. मागे उभ्या असलेल्या वरच्या वर्गातल्या मुलांनी आत्याचा नाच बघून टाळ्या वाजवल्या, तेव्हा मला जमीन दुभंगावी असं वाटलं. मॅडम मात्र पायाकडेच बघत होत्या.

"स्ट्रिंगहॉल्ट," त्या म्हणाल्या. "या पायाला कधी लागलं होतं का, विचार. पायातून वर जाणारी खबर चुकीची जाते आणि पाय गरजेपेक्षा जास्त उचलला जातो. नेमकं काय बिघडतं ते पूर्णपणे कुणालाच माहीत नाही. पण घोडी घाबरली की झटका वाढतो."

"म्हणजे फटाके..."

"फटाके, गर्दी, बेंजो. घाबरलेला मेंदू आवरायचं सोडून उलट उठाव म्हणतो. लोकांना वाटतं, रंगात आली."

दादाचं, म्हणजे ताईच्या धाकट्या भावाचं, लग्न मे महिन्यात ठरलं. घोडी सांगायला बाबा आणि दादा निघाले, तेव्हा मीही स्कूटरवर मागे बसले. हे इतकं नवीन होतं की बाबांनी दोनदा मागे वळून मी खरंच बसलेय का ते पाहिलं.

घोडी जुन्या टांगा स्टँडमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बांधलेली होती. बाजूला कापड विणणाऱ्या लूमची खटखट चालली होती आणि ती शांतपणे गवत खात होती. डाव्या मागच्या पायाला, सांध्याच्या जरा खाली, केस न आलेली एक लांबट खूण होती.

मी चाचांना विचारलं, "ये कैसे लगा?"

"पत्रा लगा था, बेटा. दो-तीन साल हुआ. बहुत खून गया था." चाचांनी खुणेवरून हात फिरवला. "मगर देखो अल्लाह का करम. उसके बाद ही नाचना शुरू किया इसने."

मी म्हटलं, "जरा मागे घेता का तिला?"

त्यांनी लगाम धरून घोडीला मागे रेटलं. पाय जो वर गेला तो पोटाला थडकून आला. मग पुन्हा, आणि पुन्हा.

"देखा?" चाचा खूश होऊन बाबांना म्हणाले. "बिना बाजे के भी नाचती है!"

दादा टाळ्या पिटत होता. मला वाक्य जुळवायला वेळ लागतो, आणि तोवर तारीख पक्की होऊन चहा आला होता.

घरी आल्यावर मी सांगितलं. जेवताना, सगळे समोर असताना, भाताकडे बघत सांगितलं की ती घोडी नाचत नाही, तिला आजार आहे, तो वाढतोय, एक दिवस तिला चालताही येणार नाही.

आत्या पापलेटाचा काटा काढता काढता थांबली. "आगो पोरी, नाचनं म्हंजे रोग असंल तर आपली सगली वरात दवाखान्यात न्यायला लागंल. पयला तुजे काकाला न्या."

काका म्हणाले, "मना कशाला मदी घेतेस?"

"ताईच्या लग्नात कोन झोपलंवता रस्त्यावर, नागीन नाच करत?"

सगळे हसले, मीसुद्धा. मग दादा म्हणाला, "हे बघ, मला तीच घोडी पाहिजे. ताईच्या लग्नात बघितली तेव्हापासून ठरवलंय. पण तू डॉक्टर आहेस ना? मग तू तिच्या बाजूने चाल. फटाके नको म्हणतेस तर नाही लावणार. बास?"

एवढ्या लोकांत मला इतकंच मिळालं, आणि मला ते बरंच वाटलं.

लग्न गोरज मुहूर्तावर, भिवंडीतल्या एका हॉलमध्ये होतं. बसमधून उतरून नाक्यापासून हॉलपर्यंत वरात निघाली. मी पैठणी नेसून घोडीच्या डाव्या बाजूने चालत होते. पर्सा त्या दिवशी आईने सांभाळल्या. बेंजोवाला फार जवळ आला की मी हाताने त्याला मागे सारायचा प्रयत्न करायचे, आणि त्याला वाटायचं मी नाचायला लागले, म्हणून तो आणखी जवळ यायचा. शूटिंगवाला तर वैतागला होता. "ओ मॅडम, बाजू व्हा ना! प्रत्येक शॉटमध्ये नवऱ्याच्या पायाशी तुम्हीच दिसताय."

घोडीचा पाय नेहमीसारखा वर जात होता. लोक खूश होते. आत्या पुढून उलटी चालत, घोडीकडे तोंड करून नाचत होती आणि मधूनमधून माझ्याकडे बघून डोळे मोठे करत होती, बघ बरं, कुठं आजारी हाय, अशा अर्थाने.

हॉल थोड्याच अंतरावर राहिला असताना मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताची, अजान झाली. बेंजोच्या म्होरक्याने हात वर केला आणि सगळं थांबलं. भिवंडीत हे कुणी कुणाला सांगावं लागत नाही. मशिदीजवळ वरात असली आणि अजान झाली की वाद्यं थांबतात, मंडळी घाम पुसतात, पाणी पितात, आणि अजान संपली की पुन्हा तिथूनच गाणं धरतात. आमच्याही वरातीत नाचणाऱ्यांनी कमरेवर हात ठेवले. सगळा रस्ता शांत झाला.

तेवढ्यात मागून कापडाचे तागे भरलेला टेम्पो आला. त्याने हॉर्न वाजवला नाही, त्याला फक्त थोडी वाट हवी होती. चाचांनी घोडीला बाजूला घ्यायला मागे रेटलं.

पाय वर गेला, पोटाला थडकला, खाली आला. सिमेंटच्या रस्त्यावर टापेचा आवाज झाला. पुन्हा वर, पुन्हा खाली. बेंजो नव्हता, ढोल नव्हता, शिट्टी नव्हती. एवढ्या शांततेत तो एकच आवाज येत होता, आणि तो कोणत्याही गाण्यातला नव्हता. घोडीच्या मांडीचं कातडं थरथरत होतं. टेम्पो निघून गेला. चाचांनी रेटणं थांबवलं, तरी पाय टेकवावा की नाही हे तिला ठरवता येत नव्हतं.

आत्याने पदर तोंडाला लावला. वरून दादा हळूच म्हणाला, "काय होतंय गो हिला? मला खाली हादरे बसतायत."

"तेच होतंय," मी म्हटलं. "रोज होतं. आपल्याला गाण्यामुळे दिसत नाही."

दादाने मुंडावळ्या एका हाताने बाजूला केल्या आणि तो उतरला.

"आरं, नवरा चालत जानार?" आत्या कुजबुजली. अजान अजून चालू होती.

"हॉल इथं हाय आत्या. पाय हायत मना."

अजान संपली. बेंजोवाल्यांनी एकमेकांकडे पाहिलं, आता काय करायचं म्हणून. दादा म्हणाला, "वाजवा की!" आणि स्वतःच नाचायला लागला. नवरा नाचतो म्हटल्यावर काका, बाबा, बसचा ड्रायव्हर, सगळे उतरले. दादा हॉलच्या दारात पोचला तेव्हा त्याचा फेटा कानावर आला होता आणि सासूबाईंना ओवाळण्यासाठी त्याचं तोंड शोधावं लागलं.

मी मागेच राहिले होते. चाचा घोडीच्या मानेवर हात ठेवून उभे होते.

"नाचती थी तो मैं समझता था, खुश है," ते म्हणाले. मग तिच्या मांडीवरून हात फिरवत, "बेटा, वो तुम्हारा दवाखाना किधर है?"

आमच्यातली लग्नं जूनमध्ये थांबली आणि एका सकाळी बाबांच्या ओळखीच्या टेम्पोतून घोडी मुंबईला आली. मॅडमनी चाचांना सगळं सरळ सांगितलं. पायाच्या बाजूचा एक छोटा स्नायू असतो, त्याची दोरी आणि थोडा भाग काढून टाकायचा, म्हणजे पायाला वर ओढणारा जोर कमी होतो. काही घोड्यांना गुण येतो, काहींना येत नाही. आणि गुण आला तर नाच जाईल.

"पूरा जाएगा?" चाचांनी विचारलं.

"पूर्ण गेला तर चांगलंच."

चाचा बाहेर बाकावर येऊन बसले. त्यांची अडचण मला दिसत होती. लोक त्यांना फोन करायचे ते नाचासाठी. साधी चालणारी घोडी तर कुणाकडेही होती. त्यांनी मला विचारलं, "ये होता क्या है अंदर? घोडी को मालूम नहीं क्या, कि पैर ऊपर जा रहा है?"

इंग्रजीत मी हे परीक्षेत लिहिलं असतं. मराठीत शब्द अडत होते आणि हिंदीत तर त्याहून. शेवटी त्यांच्या शेडशेजारची खटखट आठवली.

"चाचा, लूम पे कारीगर धोटा हाथ से थोड़ी फेंकता है? लूम आपोआप चालतो. कारीगर चालू करता है, देखता है, और बंद करता है. पाय पण लूमसारखा. डोकं म्हणजे कारीगर."

"तो कारीगर सो गया क्या?"

"नाही, जागा आहे. पण लूममध्ये बिघाड आहे. त्याने हँडल ओढलं तरी लूम थांबत नाही. और पटाखा बजता है तो कारीगर खुद डर के और जोर से चलाता है."

चाचांनी घोडीकडे पाहिलं. ती दवाखान्याच्या आवारातलं गवत हुंगत होती. मग ते उठले आणि म्हणाले, "चलो. बेचारा कारीगर भी परेशान होगा."

ऑपरेशन घोडीला उभ्यानेच, पाय बधिर करून झालं. नंतर तिला कोरडी, सपाट, मोकळी जागा हवी होती आणि चाचांच्या शेडमध्ये पावसाचं पाणी शिरायचं. बाबांच्या गोदामाचा एक गाळा भाडेकरू गेल्याने रिकामा होता. तिथे ती राहायला आली. ज्या गाळ्यात वर्षभर टीव्हीचे खोके होते, त्यात आता गवताचा आणि घोडीचा वास येऊ लागला. ट्रकवाले माल उतरवायला आले की आधी तिला बघून जायचे. आत्या रोज फेरी मारायची. "मी काय घोडीला बघाया न्हाय आले, गोदाम बघाया आले," असं म्हणत पदराखालून गाजरं काढायची.

सुरुवातीला पाय सुजला आणि झटका होता तसाच राहिला. मी शनिवारी कॉलेजातून यायचे, चाचा तिला गोदामाच्या लांब फरशीवर हळू चालवायचे, आणि आम्ही दोघं खाली वाकून पायाकडे बघत राहायचो. दोघांनाही काही बोलायचं नसायचं. मला त्यांची सोबत त्यामुळेच आवडायची. मग सूज उतरली. एका शनिवारी मला वाटलं, पाय जरा कमी गेला. पुढच्या खेपेला ते चाचांनाही वाटलं. गणपतीपर्यंत ती सरळ चालायला लागली. मागे घेतली तरी पाय जेमतेम चार बोटं उचलायची आणि ठेवायची. चाचांनी तिला त्या गाळ्यात इतक्या वेळा मागेपुढे केलं की शेवटी तीच कंटाळून उभी राहिली.

मी आनंदाने मॅडमना फोन केला. चाचाही आनंदात होते, पण तुळशीचं लग्न लागलं आणि त्यांचा फोन वाजायला लागला तसा त्यांचा चेहरा उतरत गेला. एकदा मी समोरच होते.

"हॅलो, नाचणारी घोडी हाय ना तुमच्याकडं?"

"है साहब. मगर अब नहीं नाचती. ठीक हो गई."

पलीकडे फोन ठेवल्याचा आवाज.

"चाचा, ठीक हो गई असं कशाला सांगता?" मी म्हटलं.

"तो क्या बोलूं? बीमार है, इसलिए नहीं नाचती?"

मला हसू आलं. पण बाकीच्या घोड्या वरातींना जात होत्या आणि ही गोदामात उभी होती. चाचांचे एक नातेवाईक मालेगावला होते. घोडी देऊन टाक, असं ते म्हणत होते. चाचांनी हो म्हटलं नव्हतं, पण घोडीचा साज धुऊन-पुसून बांधून ठेवला होता. तो बघितला की मला वाटायचं, हे सगळं माझ्यामुळे झालं. मी गप्प बसले असते तर निदान दोन-तीन हंगाम तरी ती नाचली असती. मग तिची ती थरथरणारी मांडी आठवायची, आणि तसं वाटणं थांबायचं.

मार्ग आत्याने काढला. शेजारच्या आळीतल्या एका मुलाचं लग्न होतं. मुलगा चांगला दांडगा, गोदामात पन्नास किलोची गोण एका हाताने उचलणारा, पण घोड्याला घाबरायचा. घोडीवर बसणार नाही, जीपमधून जाईन, असं त्याने घरी सांगितलं होतं, आणि त्याची आई रडकुंडीला आली होती. आत्या तिच्याकडे जाऊन बसली.

"आगो, तुना पायजे ती घोडी आमचे गोदामात हाय. नाचत न्हाय, उडत न्हाय, खाटेवं बसल्यासारका बसंल तुजा पोर. डॉक्टरनी बघितलेली हाय. भिवंडीत कुनाची घोडी हाय डॉक्टरनी बघितलेली?"

ती डॉक्टरीण म्हणजे मी. अजून पास व्हायची होते. पण आत्याला थांबवणं कुणाच्या हातात नव्हतं.

त्या वरातीत मीही गेले. नवरा खुर्चीवर चढून, डोळे मिटून घोडीवर बसला. चाचांनी लगाम ओढला. घोडी चालायला लागली, साधी, एकसारखी, चारही पायांनी. थोड्या वेळाने नवऱ्याने एक डोळा उघडला. मग दुसरा. नाक्यापर्यंत येईस्तोवर त्याने एक हात सोडून मित्रांना दाखवला. त्याची आई सगळ्यांना कोपर मारून सांगत होती, "बघ गो, बघ, कसा बसलाय माजा पोर!" दुसऱ्या एका मुलाची आई चाचांच्या जवळ येऊन हळूच विचारत होती की पौषाच्या आधीच्या तारखा मोकळ्या आहेत का.

हॉलच्या दाराशी मात्र पोरांनी गलका केला. "चाचा, नाचवा! एकदा तरी!"

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. गोदामातल्या त्या लांब दिवसांत त्यांनी तिला एक गोष्ट शिकवली होती. पुढच्या पायाच्या गुडघ्याला बोटांनी हलकेच टकटक केलं की पाय उचलून सलाम करायचा, मग गूळ मिळायचा. पहिल्यांदा ती नुसती बोट लागल्यामुळे पाय उचलायची. पुढे पुढे बोट लागायच्या आधीच, चाचा वाकले की उचलायला लागली. मला वाटतं, तिच्या डोक्याला तो पाय आपला असल्याचं त्या गुळामुळे कळलं असावं.

चाचा वाकले. बेंजोवाल्यांनी जोरात धरलं. पोरांनी श्वास रोखले. चाचांनी गुडघ्यावर टकटक केलं.

घोडीने मान वळवली. चाचांच्या हाताकडे पाहिलं, पोरांकडे पाहिलं, आणि आत्याच्या हातातल्या ताटातली झेंडूची फुलं खायला सुरुवात केली.

चाचांनी पुन्हा टकटक केलं. ती चावत राहिली.

"काय झालं चाचा? आजारी हाय का?" कुणीतरी ओरडलं.

"नहीं रे," चाचा हसत सरळ उभे राहिले. "आज मन नहीं है उसका."

पोरं हिरमुसली आणि मग स्वतःच नाचायला लागली. मी घोडीच्या बाजूला, भिंतीला टेकून उभी होते. टकटक झाली होती, पाय उचलायचा हे तिला माहीत होतं, आणि तरी तिने उचलला नव्हता. मेंदू वरून पुरे म्हणतो, या ज्या गोष्टीच्या आकृत्या कॉलेजात आम्हाला काढून दाखवत, ती माझ्यासमोर झेंडू खात होती.

नवरा उतरला, लोक आत गेले. रस्त्यावर बेंजोवाले आपापली वाद्यं बांधू लागले. घोडीच्या डाव्या मागच्या पायावर एक माशी बसली. तिने पाय उचलला, माशी उडेल तेवढाच, आणि हळूच खाली ठेवला.